जुन्या फियाटचा पत्रा: शोधताना आणि बसवताना या चुका टाळा

नाशिकमधल्या सातपूरच्या एका शेडमध्ये माझी १९६९ची फियाट ११०० डी अडीच वर्षं उभी होती. त्यातले निदान आठ महिने माझ्या घाईपायी गेले, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात महाग पडलं ते "फियाट म्हणजे पद्मिनीच की" हे वाक्य. कुर्ल्याच्या कारखान्यात ११०० डी १९६४पासून बनायला लागली आणि १९७४मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. बाहेरून बहिणी-बहिणी वाटतात, पण ग्रिल वेगळी आणि बारीकसारीक भोकंही जागा बदलत गेलेली. मी मुंबईत एका दुकानातून डावं पुढचं मडगार्ड उचललं. दुकानदार म्हणाला, "साहेब, डोळे झाकून बसेल." टेम्पोत टाकून कसारा घाट चढवून आणलं, तर बोल्टाची भोकं बोटभर पुढे. नवीन भोकं पाडून ते बसवता येतं, पण मग बोनेटची रेघ वाकडी जाते आणि ती आयुष्यभर दिसते.

आता मी फोटोवर भरवसा ठेवत नाही. जुना भाग कितीही सडलेला असो, फेकायचा नाही. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा त्यावर ठेवून आकार कापायचा, भोकं पेनाने मारायची आणि तो पुठ्ठा घेऊन बाजारात जायचं. सोबत फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली, त्यामुळे टॅक्सीचा माल आता मिळेल तेवढाच. त्यातही काळ्या-पिवळ्या रंगाखाली लांबीचे, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुटीचे, थर असतात. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे.

दुसरी चूक मोठी, आणि ती डेंटरच्या, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रींच्या, नादाने होते. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दरवाज्याखालचा पट्टा गंजला म्हणून मिस्त्रींनी थेट कटर लावला. मीही "हो, काढा" म्हणालो. गाडी जॅकवर एका बाजूने उचललेली. नवा पट्टा झाळून (वेल्डिंग करून) गाडी खाली उतरवल्यावर दरवाजा लागेना, खालचा कोपरा खांबाला घासायचा. दरवाजा खराब समजून आम्ही बिजागऱ्या बदलल्या, ठोकाठोकी केली. खरं तर दरवाज्याची चौकटच खचून वाकडी झाली होती. पट्टा पुन्हा कापावा लागला. या वेळी आधी दरवाज्याच्या जागेत चौकोनी पाइपाचे आडवे-तिरके आधार झाळले, गाडी चारही बाजूंनी सारखी टेकवली आणि एका वेळी एकच बाजू उघडली. दर टप्प्याला दरवाजा लावून बघायचा, हे आमच्या मिस्त्रींनी नंतर खडूने भिंतीवर लिहून ठेवलं. पातळ पत्र्यावर सलग झाळ ओढू नका, तो तापून लाटांसारखा फुगतो. थोडं इथे, थोडं तिथे टाके मारत जा. आणि पेट्रोलची टाकी आधी काढून ठेवा, हे सांगावं लागू नये.

बसवताना आणखी एक फसवणूक रबराची. उघड्या पत्र्यावर दरवाज्याभोवतीची फट छान जमते, रंग होतो, मग नवं रबर लावलं की दरवाजा आपटूनही लागत नाही, कारण नवं रबर जुन्यापेक्षा जाड असतं. म्हणून रंगाआधी रबर, कुलूप, काच सगळं लावून एकदा पूर्ण गाडी जुळवा. बोल्ट शेवटपर्यंत अर्धवट सैलच ठेवा. फट मात्र नव्या गाडीसारखी मागू नका. कंपनीतूनच ती सारखी नसायची.

कुणी "आख्खी बॉडीच बदलून देतो" म्हणालं, तर थांबा. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही.

राहिलं पाणी. दरवाज्याच्या तळाची निचऱ्याची भोकं लांबीने आणि रंगाने बुजतात, ती तारेने मोकळी करा. मग पावसाची वाट न बघता छतावर दोन बादल्या ओता. आमच्या गाडीत पहिल्या बादलीचं पाणी ड्रायव्हरच्या पायाशी आलं. पुढच्या काचेचं रबर परत काढलं.