नाणेमंडळाच्या बैठकीत शिवराई कशी मांडावी

पुण्यातल्या नाणेसंग्राहकांच्या डब्यात दोन-चार शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, बहुधा असतातच, म्हणून मंडळाच्या बैठकीची सुरुवात त्यांच्यापासून करावी असे मला मनापासून वाटते. शिवराई हाताने ठोकून पाडली जाई आणि तांब्याची चकती साच्यापेक्षा पुष्कळदा लहान पडे. त्यामुळे एका बाजूचे ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचे ‘छत्रपति’ हे लेख एकाच नाण्यावर क्वचितच पूर्ण उतरतात. एकाच्या नाण्यावर ‘राजा’चा काना काठाबाहेर गेलेला असतो, तर दुसऱ्याच्या नाण्यावर तोच ठळक दिसतो. पाच-सहा जणांची नाणी शेजारी ठेवली की घरी एकट्याने भिंग लावून न उलगडलेला लेख सलग वाचता येतो.

यासाठी सगळा संग्रह आणू नये. एकाच प्रकारची पाच ते दहा नाणी पुरेत. प्रत्येक नाणे कागदी पाकिटात ठेवून त्यावर वजन, व्यास आणि ते कोठून मिळाले हे आधीच लिहावे. ‘जुना बाजार, रविवार’ एवढी नोंदही मोलाची असते, कारण नाण्याचा माग एकदा सुटला की तो पुन्हा लागत नाही. पीव्हीसीच्या पिशव्या मात्र टाळाव्यात, कारण त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो.

टेबलावर जाड कापड अंथरावे आणि नाणे कापडाच्या वरच, दोन बोटांनी कडेला धरून पाहावे. प्रकाश वरून न पाडता बाजूने तिरका पाडला तर झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नये. मी लहानपणी आजीच्या डब्यातली एक शिवराई चिंचेने लख्ख केली होती. तिचा जुना गडद थर गेला आणि त्याबरोबर उरलेसुरले ‘पति’ही पुसट झाले, याची हळहळ मला आजही वाटते.

काळ ठरवताना घाई करू नये. शिवराई पेशवाईच्या अखेरपर्यंत पाडली जात होती, तेव्हा प्रत्येक शिवराईला १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडणे चूक आहे. अक्षरांचे वळण, वजन आणि दुदांडी शिवराईवरच्या दोन समांतर रेघा यांची तुलना करून मत मांडावे आणि मतभेद असेल तर तोही मंडळाच्या वहीत लिहावा.

नवख्यांना घरातली चलनी नाणी आणायला सांगावे. सालाखाली हिऱ्याच्या आकाराची चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता, एवढ्यावरून टाकसाळ ओळखता येते. एखाद्याला शेतात पुरलेली नाणी सापडली असतील, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हे त्याला आधी सांगावे.

उठण्यापूर्वी ज्याने त्याने आपली नाणी मोजून स्वतःच्या हाताने पाकिटात भरावीत.