पीएचपीची मुदत संपण्याआधी साइट नव्या आवृत्तीवर कशी न्यावी

साइट ज्या भाषेत लिहिलेली असते त्या पीएचपीच्या आवृत्तीची मुदत संपली तरी साइट दुसऱ्या दिवशी चालूच असते. थांबतात ते सुरक्षेचे पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या. त्यामुळे काम पुढे ढकलले जाते, आणि होस्टिंगवाले जुनी आवृत्ती काढणार असल्याचे कळवतात तेव्हा आठ दिवसांत सगळे उरकावे लागते. ही वेळ टाळता येते, कारण तारखा आधीच जाहीर असतात.

७.४ ची मुदत २८ नोव्हेंबर २०२२ ला संपली, ८.० ची २६ नोव्हेंबर २०२३ ला, ८.१ ची ३१ डिसेंबर २०२५ ला. ८.२ ला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत पॅच मिळतील, ८.३ ला २०२७ अखेर, ८.४ ला २०२८ अखेर. तुम्ही अजून ७.४ वर असाल तर थेट ८.४ गाठा. अवघड टप्पा ७ वरून ८ वर जाण्याचा आहे. तो एकदा ओलांडला की पुढच्या आवृत्त्यांसाठी मेहनत कमी लागते. एखादी लायब्ररी (साइटने वापरलेला दुसऱ्यांचा तयार कोड) ८.४ वर चालत नसेल तर ८.३ घ्या.

एक अपवाद आहे. उबुंटू २२.०४ या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमसोबत येणाऱ्या ८.१ ला उबुंटू स्वतः २०२७ पर्यंत सुरक्षा पॅच देते. सर्व्हर नियमित अपडेट होत असेल तर तेवढी सवड मिळते. पण लायब्ररी तुमच्यासाठी थांबत नाहीत: लाराव्हेल ११ आणि सिम्फनी ७ या साइट उभारण्याच्या दोन्ही तयार चौकटींना किमान ८.२ लागते.

मुदत डिसेंबरअखेर संपते आणि दुकानाच्या साइटवर दिवाळीत सर्वाधिक गर्दी असते. म्हणून बदलाचा दिवस गणपतीच्या आधीचा धरा आणि तिथून मागे मोजत या. मध्यम आकाराच्या, स्वतः लिहिलेल्या कोडच्या साइटला तीन महिने हाताशी असावेत.

पहिले काम यादीचे. किती साइट, प्रत्येकीची आवृत्ती कोणती, कोणती एक्स्टेन्शन्स (पीएचपीचे जोड-भाग) लागतात, क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, काय चालते. कमांड लाइनची पीएचपी आणि वेब सर्व्हरची पीएचपी वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही तपासा. साइट ८.४ वर गेली आणि रात्रीचा क्रॉन ७.४ वरच राहिला, असे फार वेळा होते. त्यानंतर कंपोझरची, म्हणजे लायब्ररींची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाची, ‘व्हाय-नॉट’ कमांड नव्या आवृत्तीचा आकडा देऊन चालवा. कोणते पॅकेज वाट अडवते ते ती नावानिशी सांगते. वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेले पॅकेज निघाले तर पर्याय आत्ताच शोधा, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

आता मुख्य गोष्ट. कोडची वेगळी शाखा (स्वतंत्र प्रत) काढून तिथे महिनोन्‌महिने दुरुस्त्या साठवू नका. नव्या पीएचपीला चालणारा बहुतेक कोड जुन्या पीएचपीलाही चालतो. म्हणून दुरुस्त्या चालू साइटवरच, जुन्या आवृत्तीत, थोड्या थोड्या करून सोडत राहा. पीएचपीकम्पॅटिबिलिटीच्या नियमांसह कोडस्निफर हे कोड तपासणारे साधन चालवले की काढून टाकलेली फंक्शन्स, उदाहरणार्थ ‘ईच’ आणि ‘क्रिएट फंक्शन’, लगेच सापडतात. रेक्टर हे साधन कोडमध्ये आपोआप बदल करते. पण एका वेळी एकच नियम लावा आणि फरक डोळ्यांनी वाचा.

खरी भीती निमूटपणे बदलणाऱ्या गोष्टींची आहे. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये ‘नग’ हा रकाना रिकामा आला आणि कोडमध्ये दुहेरी बरोबर-चिन्हाने तो शून्याशी ताडला, तर ७.४ मध्ये उत्तर ‘हो’ येते आणि ऑर्डर अडते. ८.० पासून रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) आणि शून्य समान नाहीत, त्यामुळे तीच ऑर्डर पुढे सरकते. एरर नाही, लॉगमध्ये नोंद नाही. शून्याशी होणाऱ्या अशा सगळ्या तुलना शोधा, रकान्यातले मूल्य आधी पूर्णांकात बदला आणि तिहेरी चिन्ह वापरा.

मायएसक्यूएलआयमध्ये, म्हणजे पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये, ८.१ पासून चुकलेली क्वेरी ‘फॉल्स’ न देता थेट एक्सेप्शन (काम थांबवणारी एरर) फेकते. एक्सेप्शन फेकण्याची ही सेटिंग आज टेस्ट साइटवर जुन्या आवृत्तीत चालू केली, तर आजवर गुपचूप फसणाऱ्या क्वेरी समोर येतात.

मराठी साइटनी आणखी एक पाहावे. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दाचे पंधरा. बातमीचा सारांश ‘सबस्ट्र’ या फंक्शनने बाइट मोजून कापला की शेवटचे अक्षर मधोमध तुटू शकते. असा मजकूर पानावर दाखवण्याआधी ‘एचटीएमएल स्पेशल कॅर्स’ या फंक्शनमधून गेला की ८.० पर्यंत सगळा सारांशच रिकामा येई, ८.१ पासून शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दिसतो. इलाज ‘एमबी सबस्ट्र’, ते बाइट नव्हे तर चिन्हे मोजते. त्यासाठी एमबीस्ट्रिंग एक्स्टेन्शन नव्या आवृत्तीवर वेगळे बसवावे लागते, जुन्यावरून ते आपोआप येत नाही.

तीच गत पीएचपीच्या सेटिंग असलेल्या पीएचपी.आयएनआय फाइलची. नवी फाइल मूळ किमतींवर असते: अपलोड २ एमबी, पोस्ट ८ एमबी, वेळ यूटीसी. ऑर्डरच्या वेळा साडेपाच तास मागे दिसू लागल्या तर कोड उकरत बसू नका, टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करा.

टेस्ट साइटवर खऱ्या डेटाबेसची प्रत घ्या, ग्राहकांचे फोन आणि ईमेल पुसून. डेप्रिकेशनचे (पुढे काढून टाकल्या जाणाऱ्या गोष्टींचे) इशारे लॉगमध्ये लिहू द्या, पानावर छापू नका. छापले तर ॲपला जाणारा जेसन स्वरूपातला डेटा मोडतो आणि ॲप गप्प होते. लॉगिन, पेमेंट, अपलोड, पीडीएफ आणि ईमेल हे हाताने तपासा.

बदलाच्या दिवशी जुन्या आणि नव्या आवृत्तीचे एफपीएम (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणारी सेवा) शेजारी शेजारी चालू ठेवा. एनजिन्क्स या वेब सर्व्हरमध्ये सॉकेटची, म्हणजे कोणत्या एफपीएमशी जोडायचे त्याची, ओळ बदलून रीलोड केले की साइट नव्यावर जाते, ओळ परत फिरवली की जुन्यावर येते. हा परतीचा रस्ता उघडा राहावा म्हणून त्या दिवशी डेटाबेसच्या रचनेत काहीही बदलू नका. मंगळवार-बुधवारची सकाळ बरी. शुक्रवारी संध्याकाळी बिघडले तर हाताशी कोणी नसते.

पुढे दोन आठवडे, महिनाअखेरची बिले आणि क्रॉन त्यात येतील असे पाहून, लॉग रोज वाचा. मग जुनी पीएचपी सर्व्हरवरून पूर्ण काढा. राहू दिली तर कुठली तरी विसरलेली स्क्रिप्ट तिच्यावरच चालत राहील.