कपाचं बूड बघायची माझी रीत

जर्मनीत ड्रेस्डेनला एल्बे नदीच्या काठी शनिवारी जुना बाजार भरतो. तिथे एका कपाच्या तळाच्या निळ्या तलवारींवर (मायसेन या जर्मन पोर्सिलेन कारखान्याची छाप) भाळून मी ४० युरो घालवले. घरी येऊन बोट फिरवलं, तर तलवारी हाताला लागल्या. म्हणजे झिलईच्या वर रंगवलेल्या! मायसेनच्या कारखान्यात त्या झिलईखाली काढतात. तेव्हापासून छाप सगळ्यात शेवटी बघते.

आधी बुडाची झिलई नसलेली कड शोधा. तिथे पाण्याचा थेंब ठेवा. जिरला, तर कप बहुधा साध्या मातीचा. हार्ड पेस्ट, म्हणजे केओलिन या पांढऱ्या मातीचं पोर्सिलेन, पाणी पीत नाही. (जिभेलाही लावून बघतात, पण विक्रेत्यासमोर नको.)

मग टवका. टवका उडालेला कप मी मुद्दाम हातात घेते. एक तर स्वस्त, शिवाय पोटातलं सगळं दाखवतो. हार्ड पेस्ट काचेसारखं फुटतं. झिलई कुठे संपली न् माती कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही, कारण साधारण १४०० अंशांच्या भट्टीत दोन्ही एकजीव झालेले असतात. जुन्या फ्रेंच सॉफ्ट पेस्टचा (केओलिनशिवाय केलेल्या पोर्सिलेनचा) टवका रवाळ, वर झिलईचा थर वेगळा. रंगांवरूनही कळतं: हार्ड पेस्टवर ते वर बसलेले, सॉफ्ट पेस्टमध्ये झिलईत मुरलेले.

आता तारखा, कारण त्याच पैसे वाचवतात. सोनं करून देतो म्हणणाऱ्या बॉटगरला सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने डांबून ठेवलं होतं. सोनं काही झालं नाही. पण चिर्नहाउस या शास्त्रज्ञाबरोबर खपून १७०८ च्या सुमारास त्याने केओलिनमध्ये अलाबास्टर दगड मिसळून पांढरं पोर्सिलेन साधलं, आणि १७१० मध्ये मायसेनच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात कारखाना निघाला. तलवारी आल्या १७२० नंतर, तोवर बॉटगर वारला होता. त्यामुळे ‘बॉटगरच्या हातचा, तलवारीवाला’ असं कुणी म्हणालं, तर हसून पुढे चालू लागा.

फ्रान्सला लिमोजजवळ केओलिन सापडलं ते १७६८ च्या सुमारास. तेव्हा सेव्र या फ्रेंच कारखान्याचा १७६० चा म्हणून दाखवलेला कप हार्ड पेस्ट निघाला, तर पाकीट उघडू नका.

आणि तलवारींवर आडवा ओरखडा दिसला, तर तो माल बहुधा कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला असतो. भाव पाडून मागा. मी मागते.