आजीचं आयुष्य वहीत कसं उतरवायचं (माझ्या ठाकुमाच्या वहीवरून)

माझी ठाकुमा, म्हणजे बापाची आई, गेली त्याला दीड वर्ष झालं. तिच्या वर्षश्राद्धाला मी तिच्या आयुष्याची एक वही तयार केली होती, ८० पानांची, ती पाहून मुलचेऱ्याकडच्या दोघातिघांनी विचारलं की आमच्याही घरी आजी आहे, हे कसं करायचं. म्हणून जे जमलं आणि जे चुकलं ते सगळं लिहितोय. आमचं घर पूर्व पाकिस्तानातून आलेलं, गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली गावं आहेत त्यातलं, घरात बंगाली आणि शाळेत मराठी असं वाढलेलो आम्ही. पण तुमची आजी सिंधी असो, तेलुगू असो, छत्तीसगडी असो, पद्धत तीच कामी येईल.

पहिली गोष्ट, समोर मोबाईल धरून "आजी तुझी कहाणी सांग" असं कधीच म्हणू नका. मी तेच केलं होतं. ती म्हणाली "की आर कबो", म्हणजे काय सांगू आता, आणि उठून कोंबड्या कोंडायला गेली. तिला कहाणी नव्हती सांगायची कारण तिच्या मते ती कहाणी नव्हतीच, ते तिचं जगणं होतं. बोलायला लागली ती महिन्याभराने, मासोळी चिरताना. आमच्यात बोटी असते, तुमच्या विळीसारखीच, पायाखाली पाट दाबून बसायचं आणि उभ्या पात्यावर चिरायचं. मी सहज विचारलं ही बोटी कुठली गं, तर म्हणाली ही इथली, चामोर्शीच्या बाजारातली, तिकडची तर चुलीपाशीच राहिली, त्या दिवशीचा भात पण चुलीवरच राहिला. त्या एका बोटीवरून दोन तास बोलली. तर हातातल्या वस्तूवरून विचारा, काम चालू असताना विचारा, धान पाखडताना, कांथा शिवताना (आमची गोधडीच म्हणा). हात चालू असला की माणूस बोलतो, आणि तुम्हीपण काहीतरी काम करत बसा, नुसतं तोंडाकडे बघत बसू नका.

आता तारखांचं. आधार कार्डावरची जन्मतारीख धरू नका, आमच्या ठाकुमाची १ जानेवारी १९४५ होती, ती साफ चूक. जुनी बंगाली माणसं बंगाली सनात बोलतात, त्यावरून इंग्रजी साल काढायचा हिशेब सोपा आहे, वैशाख ते अर्ध्या पौषापर्यंत ५९३ मिळवायचे आणि त्यानंतर चैत्रापर्यंत ५९४. ती म्हणायची "पंचाशेर आकाल" तेव्हा मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरायची. पंचाशेर म्हणजे १३५० सन, म्हणजे १९४३ चा बंगालचा दुष्काळ, आणि भावाला कडेवर घेणारी पोरगी सात-आठ वर्षांची तरी असणार, म्हणजे जन्म १९३५ च्या आसपास. असंच प्रत्येक आठवणीला एखाद्या मोठ्या घटनेची खुंटी शोधा. फाळणी १९४७, भारत-पाकिस्तान पासपोर्ट ऑक्टोबर १९५२ पासून लागला, पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्याची दंगल जानेवारी १९६४, बांगलादेशचं युद्ध १९७१, आपला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२. "पासपोर्टच्या आधी का नंतर", "जिल्हा व्हायच्या आधी का नंतर" असं विचारलं की बरोबर सांगतात. आमचे लोक १३७० च्या माघात निघाले असं ती सांगायची, ५९४ मिळवले की १९६४, दंगलीनंतर लगेचच. आधी रायपूरजवळचा माना कॅम्प, मग तिथून इकडे, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात.

गावाचं नाव विचारताना नुसतं गाव विचारून भागत नाही. थाना कोणता, नदी कोणती, हाट कुठे भरायचा हे विचारा. ती आयुष्यभर "आमादेर खुलना", म्हणजे आमचं खुलना, म्हणत राहिली आणि मी नकाशात खुलन्यात शोधत राहिलो, सापडेना. मग थाना मोल्लाहाट आणि नदी मधुमती असं कळल्यावर लागलं, तो भाग १९८४ पासून बागेरहाट जिल्ह्यात आहे. मोबाईलवर नदीचं वळण दाखवलं तेव्हा तिने काचेवर बोट ठेवलं आणि खूप वेळ काढलंच नाही.

कागदपत्रं. बॉर्डर स्लिप, मायग्रेशन सर्टिफिकेट, कॅम्पचं कार्ड, जुनं रेशन कार्ड, सातबारा, काकांच्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल (तिथे जन्मगाव लिहिलेलं असतं, मुख्याध्यापकांना अर्ज द्या). दोन्ही बाजूंचे फोटो काढा, उन्हाच्या उजेडात पण सावलीत ठेवून, फ्लॅश नको. लॅमिनेशन अजिबात करू नका, कळकळीने सांगतोय, एकदा प्लास्टिक चिकटलं की कागद परत सुटत नाही आणि आतल्या आत पिवळा पडतो. पिना काढून टाका, गंजतात. सुती कापडात गुंडाळून पेटीत, आणि पावसाळा गेला की एकदा हवा द्या. नाव प्रत्येक कागदावर वेगळं असेल तर सगळी नावं वहीत लिहून ठेवा, एकच "बरोबर" नाव निवडायला जाऊ नका.

रेकॉर्डिंग करताना कूलर-पंखा बंद ठेवा, फाईलला तारीख आणि विषय लगेच द्या, दोन ठिकाणी कॉपी ठेवा. माझ्या अकरा फाईल जुना मोबाईल बिघडला तेव्हा गेल्या, त्यात तिचं लग्नाचं गाणं होतं, ते आता कोणालाच येत नाही.

लिहिताना तिचे शब्द सुधारू नका. ती "आइछि" म्हणायची, पुस्तकी बंगालीत "एशेछि" होतं, मी आधी सगळं पुस्तकी करून टाकलं होतं आणि वाचल्यावर ती त्यात कुठेच नव्हती. परत पहिल्यापासून लिहिलं. आमच्या पोरांना बंगाली लिपी येत नाही म्हणून देवनागरीत लिहिलं आणि शेवटी शब्दांची यादी दिली, पुकुर म्हणजे बोडी (छोटं तळं), ढेंकी म्हणजे पायाने धान कांडायचं लाकडी यंत्र, असं.

खाण्याचं माप ती मुठीने सांगायची. पौष संक्रांतीला, तुम्ही तीळगूळ करता तेव्हा, आमच्यात पीठे असतात, तांदळाच्या पिठाचे. ती मूठ टाकायच्या आधी मी खाली ताट धरायचो, मोजायचो, मग भांड्यात. तिला राग यायचा पण त्यामुळेच काकू आता तसेच पीठे करते. खजुराचा गूळ मात्र तिकडच्यासारखा इकडे मिळाला नाही असं ती दरवर्षी म्हणायची, तेही लिहा.

आता कठीण भाग. माना कॅम्पात तिची एक लहान मुलगी गेली, जुलाबाने. मी एकदा खोदून विचारलं, वय किती, महिना कोणता. ती गप्प झाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चूक माझी होती. अशा जागी रेकॉर्डिंग बंद करा, पाणी द्या, जवळ बसा. आणि नंतर कधीतरी विचारा की हे वहीत लिहू का. ती म्हणाली लिही, पण जास्त नको. म्हणून मी एक पूर्ण पान त्या मुलीसाठी कोरं ठेवलं, वर फक्त "खुकी", म्हणजे छोटी मुलगी, एवढंच लिहिलं, कारण घरात सगळ्यांना तेवढंच माहीत होतं.

आणि एक, सगळे इथेच चुकतात, वही पोहोचण्यापाशी संपवतात. दंगल, सीमा, कॅम्प, मग जमीन मिळाली, समाप्त. अहो ती तिकडे २९ वर्षं होती आणि इथे जवळपास ६०! जंगल तोडून बांध्या (धानाची शेतं) केल्या, पऱ्हे (धानाची रोपं) टाकले, बाजूच्या गावच्या बायांसोबत चिखलात रोवणी केली, मराठी शिकली ती बांधीतच. हे घरचे सांगत नाहीत कारण त्यांना ते रोजचं वाटतं. त्यासाठी शेजाऱ्यांकडे जा. आमच्या बाजूच्या गावातली एक म्हातारी बाई, ठाकुमाची रोवणीची जोडीदारीण, तिच्याकडे मी सगळ्यात शेवटी गेलो आणि सगळ्यात जास्त तिथेच मिळालं. ती म्हणाली, "तुही आजी पयल्या वर्षी बोलेच ना बापा, नुसती हासे. मंग एक दिस मले ताप होता त माह्या वाट्याची बांधी तिनंच रोवली." आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. अंबाडीची भाजी ठाकुमाला तिने शिकवली, मोहरी वाटून मासोळी तिला ठाकुमाने. वहीतली नऊ पानं त्या बाईची आहेत, तिच्याच बोलीत, जशीच्या तशी.

नातेवाईक लांब पांगलेले असतात त्यांनाही धरा. आमचे काही छत्तीसगडात पखांजूरकडे आहेत, तिथे गावांना पीव्ही आणि नंबर आहे, पीव्ही म्हणजे परलकोट व्हिलेज. काही ओडिशात मलकानगिरीला, तिथे एमव्ही, म्हणजे मलकानगिरी व्हिलेज. फोनवर नंबरच सांगतात, लिहून घ्या.

वही छापून स्पायरल करा, मागे दहा-पंधरा कोरी पानं ठेवा, आणि लोक जमतील तेव्हा मोठ्याने वाचा. वाचताना लोक चुका काढतील, पेन तयार ठेवा. आमच्याकडे अंगणातलं झाड आंब्याचं नाही जामचं होतं यावरून अर्धा तास गेला, मी समासात दोन्ही लिहिलं.

तिचा धाकटा भाऊ, तोच दुष्काळात कडेवर असलेला, पखांजूरहून आला होता. खुकीचं पान आलं तेव्हा त्याने हात वर केला, वाचणं थांबवलं. मग वही मांडीवर घेतली आणि बंगालीत एक नाव लिहिलं, हात थरथरत होता म्हणून अक्षरं मोठी आली. मी खाली देवनागरीत लिहिलं, पुष्पराणी.