लॅपटॉपला मॉनिटर जोडायचाय? आधी भोकं बघा

मॉनिटर घेताना आपण इंच बघतो, किंमत बघतो, फार तर कडा किती बारीक आहेत ते बघतो. मागे कुठली भोकं आहेत ते घरी आल्यावर कळतं. माझ्या मावसभावाने दिवाळीत २४ इंची मॉनिटर घेतला आणि रात्री साडेदहाला त्याचा फोन. "दादा, पीस खराब निघाला. लॅपटॉप चार्ज होतोय त्याच्यावर, पण स्क्रीन काळी."

"केबल कुठली लावलीस?"

"मोबाइलच्या चार्जरची. दोन्हीकडे टाइप-सीच आहे की!"

घोळ तिथेच होता. मॉनिटरसोबत आलेली केबल थर्माकोलच्या खाचेत तशीच पडून होती. चार्जरच्या केबलपेक्षा जाड, ताठ, वाकवायला जरा त्रासदायक. ती लावली आणि चित्र आलं. पीस उत्तम होता. तेव्हा सुरुवात भोकांपासून आणि केबलपासूनच करू.

पायरी १: लॅपटॉपच्या कडेला बॅटरी मारून बघा

चार प्रकार सापडतील. एचडीएमआयचं भोक चपटं, खालचे दोन्ही कोपरे तिरके. डिस्प्लेपोर्टचं जवळपास तसंच, पण एकच कोपरा कापलेला. त्याच्या केबलला बहुतेक वेळा खटका असतो, तो दाबल्याशिवाय ओढू नका. व्हीजीए म्हणजे निळं, १५ छिद्रांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं. १९८७ सालचं हे तंत्र, पण शाळा-कॉलेजांच्या प्रोजेक्टरवर अजून भेटतं.

चौथं टाइप-सी, आणि खरी फसगत याचीच. आकार एक असला तरी आतलं काम एक नसतं. काही टाइप-सी पोर्टमधून फक्त डेटा जातो, काहींतून चार्जिंगही होतं आणि काहींतूनच चित्र बाहेर पडतं. पोर्टशेजारी टोकाला बाण असलेली वीज कोरलेली असेल तर ते थंडरबोल्ट, तिथून चित्र जातं. डी आणि पी ही इंग्रजी अक्षरं एकमेकांत गुंतवल्यासारखी खूण असेल तरीही जातं. काहीच खूण नसेल तर लॅपटॉपचा मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पोर्टच्या वर्णनात 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द आहे का ते बघा. नसेल तर त्या पोर्टच्या भरवशावर टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर घेऊ नका, पैसे पाण्यात जातील.

केबलचंही तसंच. मोबाइल चार्जरच्या बहुतेक टाइप-सी केबलमध्ये वीज आणि संथ डेटा, एवढ्यापुरत्याच तारा असतात. चित्रासाठी लागणाऱ्या जास्तीच्या तारांच्या जोड्या त्यात नसतातच. म्हणून भावाचा लॅपटॉप चार्ज होत होता आणि स्क्रीन मात्र काळी होती.

पायरी २: भोकं जुळत नसतील तर दिशा सांगून अडॅप्टर घ्या

अडॅप्टर एकमार्गी रस्त्यासारखे असतात. लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर साधी, स्वस्त केबल चालते. उलट असेल, म्हणजे लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट, तर तीच केबल उलटी लावून काही होत नाही. त्यासाठी आत चिप असलेला, बहुधा यूएसबीवरून वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. व्हीजीएच्या जुन्या मॉनिटरलाही 'एचडीएमआय ते व्हीजीए' कन्व्हर्टरच हवा. दुकानात नुसतं "एचडीएमआय-व्हीजीए द्या" म्हणू नका. "लॅपटॉप एचडीएमआय, मॉनिटर व्हीजीए" असं पूर्ण बोला.

फोर-के मॉनिटर किंवा टीव्ही असेल तर आणखी एक बघा. जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टवर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, त्यामुळे माउसचा बाण चिखलातून चालल्यासारखा वाटतो. ६० साठी दोन्हीकडे एचडीएमआय २.० आणि 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलेली केबल हवी. साध्या फुल एचडी मॉनिटरला एवढा विचार करायची गरज नाही, चांगली कुठलीही केबल पुरते.

पायरी ३: जोडा आणि विंडोज + पी दाबा

केबल दोन्हीकडे पूर्ण आत जाऊ द्या, मॉनिटर सुरू करा. मग कीबोर्डवर विंडोजचं बटण धरून पी दाबा. चार पर्याय येतील. त्यातला 'डुप्लिकेट' दोन्हीकडे एकच चित्र दाखवतो, तो प्रोजेक्टरसाठी ठीक. रोजच्या कामाला 'एक्स्टेंड' घ्या. टेबल दुप्पट झाल्यासारखं वाटतं.

नंतर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या वाटेने जा. तिथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. टेबलावर मॉनिटर ज्या बाजूला आहे त्याच बाजूला त्याचा चौकोन ओढून ठेवा. हे न करणारे लोक महिनोन्‌महिने बाण डावीकडे नेऊन उजवीकडच्या स्क्रीनवर शोधत बसतात. मी स्वतः आठवडाभर तसंच केलं होतं.

मॅकवर हेच काम सिस्टिम सेटिंग्जमधल्या डिस्प्लेजमध्ये होतं. एम१ किंवा एम२ चिपचं मॅकबुक एअर असेल तर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. दुसरा लागत नाही म्हणून केबल बदलत बसू नका.

बिघडलं तर

'नो सिग्नल' दिसलं की लोक आधी ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर, शोधायला लागतात. त्याआधी मॉनिटरच्या बटणांनी 'इनपुट' किंवा 'सोर्स' उघडा. केबल एचडीएमआय २ मध्ये आणि मॉनिटर एचडीएमआय १ कडे डोळे लावून बसलेला, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतो. तरी नाही आलं तर केबल काढून दुसऱ्या टोकाने लावा, मग दुसरी केबल, मग मॉनिटरचं दुसरं पोर्ट. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे चाललं ते कळत नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. ड्रायव्हर अपडेटची पाळी त्याच्यानंतर.

अक्षरं धूसर दिसत असतील तर आधी 'डुप्लिकेट'वर संशय घ्या. लॅपटॉप १३६६×७६८ ठिपक्यांचा आणि मॉनिटर १९२०×१०८० चा असेल तर दोघांनाही झेपेल असं एकच माप निवडलं जातं आणि मोठ्या मॉनिटरवर ते ताणलं जातं. 'एक्स्टेंड' करून मॉनिटरसमोर 'रेकमेंडेड' लिहिलेलं रेझोल्यूशन द्या. अक्षरं बारीक वाटली तर रेझोल्यूशन कमी करू नका, 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा.

आवाज गेला? एचडीएमआयमधून आवाजही जातो, आणि लॅपटॉप तो बिनस्पीकरच्या मॉनिटरकडे पाठवून मोकळा होतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून पुन्हा लॅपटॉपचे स्पीकर निवडा.

खिडकी हरवली, म्हणजे काढून टाकलेल्या मॉनिटरवरच उघडतेय? टास्कबारवरून ती निवडा आणि विंडोज व शिफ्ट धरून डावा-उजवा बाण दाबा. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या 'मल्टिपल डिस्प्लेज' भागात मॉनिटरप्रमाणे खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायची सोय आहे, ती चालू ठेवा. आपल्याकडे तिचा जास्तच उपयोग. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि इन्व्हर्टरवर नसलेला मॉनिटर बंद पडतो. लाइट आल्यावर सगळ्या खिडक्या पुन्हा आपापल्या जागी जातात.

आता माझा आवडता बिघाड. मी खुर्चीतून उठलो की मॉनिटर दोन सेकंद काळा. बसलो की पुन्हा. केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, घरात थट्टा सुरू झाली. दोष खुर्चीचा होता. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीच्या दांड्यात उठता-बसता स्थिर विजेची बारीक ठिणगी पडू शकते. तिच्यातून निघणाऱ्या लहरी कमी आवरणाची केबल अँटेनासारखी पकडते आणि सिग्नल तुटतो. लांबलचक स्वस्त केबल काढून चांगल्या आवरणाची दीड मीटरची लावली, ती खुर्चीपासून दूर टेबलाच्या मागून नेली, आणि भूत पळालं. वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचा चिमुकला रिसीव्हर डॉकच्या (लॅपटॉपला जास्तीची पोर्ट देणाऱ्या डबीच्या) यूएसबी ३ पोर्टला चिकटलेला नाही ना बघा. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो. छोट्या एक्स्टेंशनने रिसीव्हर लांब ठेवला की पुरतं.

रेघा किंवा डाग दिसत असतील तर दुरुस्तीला नेण्याआधी दोन चाचण्या घरीच करा. पहिली: स्क्रीनशॉट काढा आणि तो लॅपटॉपच्या स्क्रीनवर उघडा. त्यातही रेघा असतील तर दोष लॅपटॉपच्या आत आहे, ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स चिपचा. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर दुसरी: केबल काढा आणि मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू उघडा. मेन्यू नितळ दिसला तर केबल किंवा पोर्ट बदलून बघा. मेन्यूवरूनही रेघ जात असेल तर पॅनेल गेलंय. मग वॉरंटीचं बिल शोधायला लागा.