भिजलेलं पायताण वाळवायचं कसं

पावसाळा लागला की रोज एक तरी गिऱ्हाईक वाकडं झालेलं कोल्हापुरी पायताण घेऊन दुकानात येतं. "काका, परवाच घेतलंय, बघा काय झालंय." मी एवढंच विचारतो, वाळवलं कुठं? गॅसजवळ, नाहीतर गच्चीवर उन्हात. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं घराणं पायताण करणाऱ्यांचं. मी फौजेत गेलो तोही मोची म्हणूनच. पलटणीत जसा स्वयंपाकी, न्हावी, धोबी, तसा मोची. १९७१ च्या बांगलादेशाच्या लढाईत मी पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, जंगी पलटणीत. पोरं ब्रह्मपुत्रा ओलांडून गेली, ११ डिसेंबरला तिथलं जमालपूर आपल्या हाती पडलं आणि माझ्यापुढं ओल्या बुटांचा ढीग लागला. एका पोरानं घाईनं बूट शेकोटीला लावले. मी बघितलं, पण डोळ्यांवर झोप होती, बोललो नाही. सकाळी टाचेवरचं कातडं पापडासारखं तडकलेलं. तेच घालून तो दिवसभर चालला. संध्याकाळी मोजा रक्तानं पायाला चिकटला होता. पाणी लावून लावून मीच सोडवला. त्याच्या तोंडातून शब्द निघाला नाही. ओल्या कातड्याजवळ जाळ दिसला की मी अजून जागचा उठतो.

आपल्या कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं. ते पाणी भराभर पितं आणि सावकाश सोडतं. ऊन लावलं की वरचा थर आधी आकसतो, आत ओल तशीच राहते, मग तळ वाकतो.

घरी आल्यावर आधी चिखल काढा. साध्या पाण्यात फडकं पिळून पुसा. साबण, पावडर नको, कातड्यातलं तेल निघून जातं. पाय तपकिरी झाले तर घाबरू नका, तो सालीचा रंग आहे. मग पायताणाच्या अंगठ्याच्या कडीत आणि पट्ट्याखाली वर्तमानपत्राचे बोळे घाला, म्हणजे आकार राहतो. बोळे ओले झाले की बदला. पायताण भिंतीला कडेवर टेकवून उभं ठेवा, तळालाही वारा लागला पाहिजे. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात. पावसाळी हवेत तीन-चार दिवस जातात, जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी हात लावून बघा. कातडं गार लागतं, पण बोटाला पाणी येत नाही, तेव्हा सपाट फळीवर ठेवा आणि तळावर पाट्यासारखं वजन द्या. वाकलेला तळ याच वेळी सरळ होतो. पूर्ण वाळल्यावर दाबलात तर मोडेल.

थोडीशी ओल उरली की तेल. एरंडेल किंवा करडईचं, कापसाच्या बोळ्यानं, जेमतेम चमक येईल इतकं. आबा म्हणायचे, कातड्याला तेल दाखवायचं, पाजायचं नाही. जास्त झालं तर पट्टा सैल पडतो.

२०१९ च्या पुरानंतर शाहूपुरीतल्या एक आजी त्यांच्या मालकांचं कापशी पायताण, कोल्हापुरीचाच एक प्रकार, घेऊन आल्या. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली. पट्ट्यावरच्या कातडी वेणीत गाळ घट्ट बसला होता. ओल्या फडक्यानं मऊ करत, काडीपेटीच्या काडीनं एकेक पेड मोकळा करायला मला दोन दुपारी लागल्या. वाळवायला मात्र आठवडा दिला. तळावर मालकांच्या अंगठ्याचा खळगा होता, तो तसाच राहिला. आजींनी त्यात बोट फिरवून बघितलं.

टाका तुटला तर घरी खिळा मारू नका, चिकटवायचं सोल्युशनही लावू नका. खिळा गंजतो आणि भोक मोठं करतो. सोल्युशन लागलेल्या जागी मला आरी, म्हणजे भोक पाडायचं टोचणं, नीट घालता येत नाही. पायताण कातड्याच्या वादीनं, म्हणजे बारीक पट्टीनं, शिवलेलं असतं, ते वादीनंच शिवायचं. तुटलेली वादी फेकू नका, पायताणाबरोबर घेऊन या. तिच्याच रुंदीची नवी वादी मला रापीनं, कातडं कापायच्या हत्यारानं, काढायची असते.