मिसळीच्या टेबलावर कान कसा लावायचा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात 31 वर्षं लेथवर काढली, कानात साधा कापसाचा बोळा कधी घातला नाही. आता कानाच्या तपासणीच्या कागदावरची रेघ 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक आवाजापाशी, विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. घरचे म्हणतात, "आबांना हवं तेवढंच ऐकू येतं." तसं नसतं बाबांनो. आवाज येतो, अक्षर येत नाही. आ, ओ हे स्वर जाड, ते पोचतात. स, श, त, फ बारीक, ते भांड्यांच्या गलक्यात बुडतात.

पुतण्यानं भर मंगल कार्यालयात सांगितलं, साखरपुडा सात तारखेला. मी ऐकलं आठ. आठला फेटा बांधून गेलो तर तिथं कुणाचं तरी बारसं! तेव्हापासून आकडा आला की बोटं दाखवायला लावतो. नुसतं "काय?" विचारत नाही. "साखरपुडा कळला, तारीख कुठली?" असं विचारलं की समोरचा वैतागत नाही, तेवढंच सांगतो.

मिसळ खायला गर्दीच्या आधी जायचं. भटारखाना पाठीमागं येईल असं बसायचं, कारण माझं कानातलं यंत्र गलक्यात समोरचा आवाज जास्त उचलतं. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा. तो खिडकीला पाठ करून बसला की ओठच दिसत नाहीत. आणि लाजू नका, खुर्ची पुढं ओढा. मोकळ्यावर अंतर निम्मं केलं की आवाज साधारण 6 डेसिबलनं वाढतो. लग्नाच्या हॉलात मात्र सगळं घुमतं, तिथं महत्त्वाचं बोलणं सरळ बाहेर मांडवाच्या दारात न्यायचं.

घरच्यांनो, ओरडू नका. ओरडल्यानं स्वरच फुगतात, वर कानाला टोचतं. आधी हाक मारा, मी बघितलं की मग बोला. "ताक?" कळलं नाही तर तेच तीनदा नको, "प्यायला ताक देऊ का?" म्हणा.

तपासणीला गेलात तर गोंगाटात बोलणं किती कळतं तेही बघायला सांगा. बंद खोलीत नुसत्या शिट्ट्या ऐकवतात, त्यावरून ते कळत नाही.

नवं यंत्र आठवडाभर घरातच, टीव्ही बंद करून वापरा. मी पहिल्याच दिवशी महाद्वार रोडला गेलो. हॉर्ननं डोकं उठलं, काढून चालूच खिशात टाकलं. रिक्षात बसल्यावर रिक्षावाला म्हणाला, "आबा, खिशात काय शिट्टी वाजतीया?" मला कुठली ऐकू येणार!